मेणातला तुकडा

कुरखेड्याकडच्या त्या गावात धानाची मळणी जोरात होती. पण खळ्यावर चर्चा एकच. पुनमच्या गुडघ्यात गाठ कोणी घातली? पुजाऱ्याने नाव घेतलं रुखमाबाईचं. विधवा, एकटी, मूलबाळ नाही. संशयाला आणखी काय लागतं हो!

पुनमचा बाप दादाजी तसा भला माणूस. पण लेकीची कापलेली नखंसुद्धा तो स्वतः जाळायचा. अंगाचं काही परक्याच्या हाती गेलं की करणी होते, ही त्याच्या घरची शिकवण. आणि डॉक्टरांनी गाठीचा तुकडाच मेणाच्या ठोकळ्यात घालून त्याच्या हाती दिलेला! "हाडाच्या अशा गाठी दुर्मीळ असतात, वरून सारख्या दिसतात. नागपूरला जनुकं तपासली की नेमकी कोणती ते कळेल, मग औषध. उशीर करू नका." दादाजीने मान डोलावली. घरी येऊन म्हणाला, "नागपूरले देऊन आलो."

ही गोष्ट पोळ्याची. दिवाळी सरली, पाय भोपळ्यासारखा सुजला, तरी रिपोर्ट येईना. शेवटी साठवणीच्या ढोलीतून धान काढताना पुनमच्या आईच्या, रंजीताच्या हाती तोच ठोकळा लागला.

"हे इथी काऊन?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मंग का करू? पोरीचं मांस परक्याले देऊ? रुखमीनं त्या डॉक्टरलेबी फितवलं असन!"

"अगा, पोरगी मरून राह्यली ना तुही!" रंजीता किंचाळली.

बाहेर गलका झाला. लोक रुखमाबाईला ओढत आणत होते. पुनम भिंतीला धरून, रडत दारात आली. "तिले हात नोका लावू! तपासनीचा तुकडा माह्या बापानं लपवला होता!"

रुखमाबाईला धरलेले हात सुटले. रंजीताने त्याच दिवशी लेकीला आणि ठोकळ्याला नागपूरला नेलं.

निदान झालं. गाठीच्या पेशींत दोन जनुकं तुटून भलतीकडे जुळली होती. औषध होतं, पण आजार आता फुप्फुसात गेला होता.

"पन केलं कोनं, साहेब?" मागाहून आलेल्या दादाजीने डॉक्टरांना विचारलं.

"कोणीच नाही. हे आपोआप घडतं."

"कोनीच नाई? असं कसं होईन?"

"बाबा," पुनम खाटेवरून म्हणाली, "गाठ कोनाचीच नोहोती. उशीर आपला होता."

आठवड्याने रुखमाबाई दवाखान्यात आली. जिला गावाने फरफटवलं, ती बाई पोरीसाठी पेज घेऊन आली. दादाजीने डबा घेतला, उघडला आणि आधी वास घेऊन पाहिला.

पुनमने तो त्याच्या हातातून ओढून घेतला आणि सगळी पेज पिऊन टाकली.