जागचं मशीन

बायकोचा पाय मोडला आणि सुताराच्या घरातला जिना तिला बंद झाला. खाली खोली एकच, ती म्हणजे त्याचं वर्कशॉप. तिथली रंध्याची आणि करवतीची अवजड मशिनं त्याच्या वडिलांनी, अण्णांनी, जमिनीत बोल्ट मारून बसवली होती. "मशीन जागचं हललं की कामाची घडी विसकटते," असं ते म्हणायचे. सुतारानं मन घट्ट करून बोल्ट काढले आणि मशिनांखाली ब्रेकची चाकं लावली. आता संध्याकाळी तो मशिनं भिंतीकडे ढकलायचा, भुसा झाडायचा आणि मधे तिची खाट टाकायचा.

"सवत हलली एकदाची!" पहिल्याच दिवशी बायको हसून म्हणाली.

एका सकाळी तो रंध्याचं मशीन परत जागेवर नेत होता.

"अहो, पुन्हा त्याच अंधारात कशाला? खिडकीपाशी न्या ना," ती म्हणाली.

"अण्णांनी ठरवलेली जागा आहे ती."

"अण्णांना तरी कुठे हलवता येत होतं?"

तो थबकला. मग त्यानं मशीन खिडकीपाशी नेलं. फळीवर ऊन पडलं, आणि इतकी वर्षं आपण स्वतःच्याच सावलीत काम केलं, हे त्याला कळलं.

पाय बरा झाल्यावर ती वर राहायला गेली. तरी मोठं काम आलं की तो खालून हाक मारतो, "अगं, आज मशीन कुठे लावू?"