फुल्लाच्या दातांची पूड

मन्नूबियाने डबीतली हिरवी पूड मोरीत ओतली, वरून भांडंभर पाणी सोडलं आणि आपल्या बरणीतली मुलूखियाच्या वाळल्या पानांची पूड त्या डबीत भरून ती जागच्या जागी ठेवली. रंग तोच, काळपट हिरवा. मुलूखियाचा रस्सा ट्यूनिसमध्ये घरोघरी शिजतो, मांजरीला त्या भाजीने काही होणार नव्हतं. सुनेच्या पुडीचं मात्र काय सांगावं?

"समुद्रातलं शेवाळ वाळवून केलीय, उम्मी," ओल्फाने सासूला सांगितलं होतं. "फुल्लाच्या दातांवर किटण चढलंय. भूल देऊन साफ करावं तर तिचं हृदय अधू. ही रोज खाण्यात घातली तर किटण जरा कमी धरेल, असं म्हणाले डॉक्टर."

जरा कमी म्हणे! मन्नूबियाच्या गळी हे उतरेना. मांजरीच्या दातांना कुणी औषध देतं का? लग्नानंतर आठवड्याभरातच या सुनेने फुल्लाच्या तोंडाला वास येतो म्हणून नाक मुरडलं होतं. आणि फुल्ला तर मन्नूबियाच्या नवऱ्याची लाडकी, त्याच्या हातून सार्डिन मासे खाणारी. तो गेला, ही मागे राहिली. तिला काही झालं असतं तर मन्नूबियाला घर खायला उठलं असतं.

पुढचे दोन महिने तिने डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला. सून इमानाने डबीतली चिमूट सार्डिनवर भुरभुरायची आणि सासू पाठ फिरवून गालात हसायची.

मग फुल्लाने खाणं टाकलं. तोंडातून लाळ गळू लागली. आधी पोटात गेलेलं विष आता बाहेर येतंय, मन्नूबियाची खात्रीच पटली. शुक्रवारी मुलगा वज्दी स्फाक्सहून आला, तो जेवायला बसतो न बसतो तोच तिचा तोल सुटला.

"तुझी बायको मांजर मारतेय. विष घालते त्या डबीतून!"

"उम्मी! काहीतरीच काय बोलतेस!"

ओल्फाचा चेहरा लालबुंद झाला. ती उठली, डबी घेऊन आली.

"हे बघा विष," म्हणत तिने चमचाभर पूड तोंडात टाकली.

आत्ता कुठे मन्नूबियाच्या ध्यानात आलं, डबीत काय आहे ते. रागाच्या भरात ती आपलीच करणी विसरली होती.

ओल्फाचं तोंड हलायचं थांबलं. ही चव तिला लहानपणापासून ठाऊक होती. तिने डबीत पाहिलं, मग सासूकडे पाहिलं.

"काय गं, कडू आहे?" वज्दीने विचारलं.

ओल्फाने तोंडातली पूड गिळून टाकली.

"जुनी झालीय," ती म्हणाली. "गाडी काढ तू. दवाखाना बंद व्हायच्या आत पोहोचू."

तो किल्ली घेऊन खाली गेला. मन्नूबियाने फुल्लाचा ओठ वर केला. हिरडी सुजून लाल झाली होती. तिला रडूच फुटलं.

"मीच गं... मीच ती मोरीत..."

"कळलं मला."

"वज्दीला सांगशील?"

ओल्फा टोपलीत कापड अंथरत होती. ते नीट बसेना, तशी तिने ते रागाने ओढून पुन्हा अंथरलं.

"डॉक्टर विचारतील, पूड रोज दिली का म्हणून. वज्दीही तिथेच असेल. मी खोटं बोलणार नाही, आणि चहाडीही करणार नाही. काय ते तुम्ही सांगा."

मन्नूबियाने होकारार्थी मान डोलावली. मग तिने फुल्लाला उचललं आणि टोपलीत न ठेवता सुनेच्या हातात दिलं.