क्रमांक एकाहत्तर, पात्र

"टपालपेटी," कोच ओलेंडर म्हणाले, आणि डॉयल केटरमनला वाटलं, थंडीनं आपले कान कामातून गेले.

"खरंच, कोच?"

"नऊ सेकंद उरलीत, चार गुणांनी मागे आहोत, दोन यार्ड जायचंय आणि संधी शेवटची. ही काय थट्टेची वेळ आहे? जा. आणि पंचाला सांगायला विसरलास ना, तर मला तोंड दाखवू नकोस."

डॉयल धावतच मैदानात गेला. गेली दोन वर्षं तो खेळी चालू असल्याशिवाय धावत नसे. हंगामाचा हा शेवटचा सामना होता आणि त्याच्या आयुष्यातलाही शेवटचाच. टोलीडोच्या स्टेडियमवर साठ हजार माणसं उभी होती, कारण डॉयलच्या टोलीडो संघानं मेम्फिसला नऊ वर्षांत हरवलं नव्हतं.

अमेरिकन फुटबॉलच्या या खेळात डॉयल लाइनमन होता. चेंडू फेकणाऱ्या कोल्बीच्या पुढे पाच धिप्पाड माणसांची भिंत उभी राहते, तिचं डावं टोक तो. समोरून अंगावर येणाऱ्याला थोपवायचं, कोल्बीला दोन-तीन सेकंद मिळवून द्यायची, आपटायचं, उठायचं आणि पुन्हा ओळीत उभं राहायचं. या भिंतीनं चेंडू झेलायचा नाही असा नियमच आहे. तेरा वर्षं झाली, गुडघ्यांवर चार शस्त्रक्रिया झाल्या, दोन बोटं कायमची वाकडी झाली, पण सामन्यात चेंडूला त्याचा हात कधी लागला नव्हता. लाउडस्पीकरवर त्याचा नंबर यायचा तो फक्त गुन्ह्यासाठी. 'धरून ठेवलं, क्रमांक एकाहत्तर, दहा यार्ड मागे.' नंबर ऐकला की त्याची आई इर्मा डोळे गच्च मिटून घ्यायची.

नियमाला एकच पळवाट होती. खेळी सुरू होण्याआधी पंचाकडे जाऊन सांगितलं, की आता मी झेल घेणार, तर तेवढ्या एका खेळीपुरती परवानगी मिळते. 'टपालपेटी' ही तीच खेळी. डॉयलनं क्षणभर अडवल्यासारखं करायचं, समोरच्याला शेजारच्या मार्कीसच्या हवाली करायचं आणि कोपऱ्यातल्या टपालपेटीत पत्र टाकायला निघाल्यासारखं रमतगमत मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात जायचं. सहा वर्षं दर शुक्रवारी ते हिचा सराव करत होते. खऱ्या सामन्यात ती कधीच निघाली नव्हती.

डॉयल पंचासमोर गेला आणि ठरलेली खूण म्हणून दोन्ही पंजे छातीवरून वरखाली फिरवले.

"एकाहत्तर. मी... झेलणार."

पंचानं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तेरा वर्षांत पहिल्यांदाच तुझ्या तोंडून 'मी काही केलं नाही' सोडून दुसरं काहीतरी ऐकतोय," असं म्हणून त्यानं कमरेच्या माइकचं बटण दाबलं.

"क्रमांक एकाहत्तर, पात्र."

स्टेडियम खदखदून हसलं आणि मग जे ओरडायला लागलं ते थांबेचना. डॉयलला फार आनंद झाला होता, दुसरा शब्दच नाही.

समोर मेम्फिसचा वॉलेस हात जमिनीला टेकून बसला होता. दोघं नऊ वर्षं एकमेकांना आपटत आले होते.

"आजोबा, झेलणार काय? चेंडू आहे तो, सँडविच नाही."

"तू तुझं बघ, वॉलेस. तुझ्या डोक्यावरून जाणाराय."

"गुडघे घेऊन जा म्हणजे झालं बरोबर."

कोल्बीनं खेळी सुरू करायच्या इशाऱ्याचे आकडे ओरडायला सुरुवात केली. डॉयल मनातल्या मनात घोकत होता, अडव, सोड, जा. अडव, सोड, जा.

चेंडू कोल्बीच्या हातात आला. वॉलेस अंगावर आला आणि डॉयलनं त्याच्या छातीत दोन्ही हात रोवले. अडव. आता सोडायचं. तेवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला दिसलं, की गोठलेल्या गवतावर मार्कीसचा पाय सटकला आणि तो गुडघ्यावर आला. वॉलेसला आता अडवायला दुसरं कोणी नव्हतं. मागे कोल्बी पाठमोरा, फेकायच्या तयारीत, बरगड्या उघड्या.

सोड, डोकं म्हणालं. हातांनी ऐकलं नाही.

तेरा वर्षांचे हात होते ते. त्यांनी वॉलेसला तसाच थोपवून ठेवला. एक सेकंद, दोन, तीन. "जा ना रे, गाढवा," वॉलेस दात खात म्हणाला, "तुझी खेळी आहे!" डॉयल गेला नाही. कोल्बीनं डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं, तिथं डॉयल नव्हता. मग त्यानं निवांत मान वळवली, मागच्या रेषेवर मोकळा सुटलेला आपला एक खेळाडू हेरला आणि चेंडू फेकला.

टचडाउन, सहा गुण. जिंकले. नऊ वर्षांनी जिंकले, आणि साठ हजार माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. कोल्बी येऊन डॉयलच्या पाठीवर चढला. "कुठे होतास रे तू?"

"इथंच," डॉयल म्हणाला.

बाहेर दाराशी इर्मा काठी टेकून उभी होती.

"नंबर ऐकला आणि मी आपले डोळे मिटले. म्हटलं, जाताजाता पण काहीतरी केलंच यानं. काय म्हणाले ते?"

"पात्र म्हणाले, आई."

"आणि तेरा वर्षं काय अपात्र होतास?" ती चिडून म्हणाली. "चेंडू आला का मग?"

"नाही आला. मीच गेलो नाही."

इर्मानं त्याच्या वाकड्या बोटांवर हात ठेवला आणि त्याच्या जोडीनं गाडीकडे निघाली.

सोमवारी खेळाडू कपाटं रिकामी करायला आले. हंगाम संपला होता, पुढचा सामनाच नव्हता, तरी कोच ओलेंडरनी भिंतीतल्या पाचही जणांना सामन्याचं चित्रण बघायला अंधाऱ्या खोलीत बसवलं. प्रत्येक खेळीला प्रत्येकाला अधिक किंवा वजा द्यायचं, हा त्यांचा बावीस वर्षांचा नेम होता आणि तो कुणासाठी चुकायचा नाही. शेवटची खेळी आली.

"मार्कीस, वजा. नवे बूट घे."

"हो, कोच."

"डॉयल. पळायचं होतं, पळाला नाहीस. वजा."

"बरोबर आहे, कोच."

कोचनी चष्मा काढून पुसला आणि न विचारता तीच खेळी पुन्हा लावली. बाकीचे चौघं डॉयलच्या हातांकडे बघत होते. डॉयल पडद्याच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत होता. तिथं मेम्फिसचा एकही माणूस नव्हता, नुसतं मोकळं गवत होतं, आणि त्यावर हिवाळ्यातलं थोडंसं ऊन पडलं होतं.

"अजून एकदा लावता का?" तो म्हणाला.