शेवाळातला जीव

टिळकवाडीहून बेळगुंदीपर्यंत समता बसमध्ये उभ्यानेच आली. कॉलेजच्या तासांतून वेळ चोरून तिने आजवर जिल्ह्यातले झरे पालथे घातले होते, आणि नवा डायटम मिळाला तो फक्त बेळगुंदीच्या या एका झऱ्यात. डायटम म्हणजे काचेच्या डबीत राहणारं, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं शेवाळ. पण शोधनिबंध परत आला होता. संपादकांनी कळवलं होतं, तुमचे फोटो रिकाम्या डब्यांचे आहेत, जिवंत डायटमचा पाठवा, नाहीतर छापणार नाही. घ्या आता! भांडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

झऱ्याला लागून अक्काताईंचं शेत. मागच्या खेपेला त्यांनी विचारलं होतं, "काय गावलं ओ बाई?" 'नवी जात' हे शब्द समताच्या अगदी ओठावर आले होते. पण निपाणीत 'जात कंची?' या प्रश्नाने तिचं अख्खं बालपण पोखरलं होतं. तो शब्द तिने गिळला आणि म्हणाली, "नवा जीव गावलाय, आक्का. ह्या दगडावरच्या शेवाळात. तुमच्या गावाचं नाव देणार त्याला."

आज अक्काताई बांधावरच उभ्या होत्या, एकदम खुशीत.

"या, या! तुमचीच वाट बगत व्हते."

झऱ्यातले दगड पांढरेफटक पडले होते. ब्लीचिंग पावडरचा वास नाकात शिरला.

"मी, मालुबाई आनी तिच्या सुना, समद्यांनी मिळून घासून काढलं बगा. गावाच्या नावाचा जीव, त्यो असल्या घाणीत ऱ्हायाचा व्हय? पंचायतीतनं पावडर बी आनली. एक दगुड सोडला न्हाय."

समता वाकली. पूर्वी या दगडांवरून बोट घसरायचं, आज करकरलं. तिने दोन-तीन दगड उलटून पाहिले. खालची बाजूही लख्ख होती. राग यायला हवा होता, पण काढणार कुणावर? 'शेवाळातला जीव' हे शब्द तिचेच होते; शेवाळ हाच तो जीव, हे तिने सांगितलंच नव्हतं. ती तिथेच ओल्या मातीत फतकल मारून बसली. उठावंसंच वाटेना.

अक्काताई पदर खोचून शेजारी बसल्या. पाण्यात हात घालून निरखून बघू लागल्या.

"आता तरी दिसंल न्हवं? कुठं हाय त्यो?"

"हितंच व्हता, आक्का."

अक्काताईंचा हात पाण्यातच थांबला.

"व्हता?"