वेळ उरला तर

मी एक जुनी स्टेपनी आहे. मित्रांनो, कन्याकुमारीपासून जम्मूपर्यंत सारा भारत मी पाहिला आहे. पाहिला तो मागे पडल्यावर, कारण मी जीपच्या मागच्या दाराला टांगलेली होते.

जीप नागपूरच्या पास्टर मनोहररावांची. देशभर हिंडून गावोगावी येशूची सुवार्ता सांगायची, ही त्यांची जुनी हौस. निघताना ड्रायव्हर मारोतरावांनी चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. तेवढा वेळ पास्टरसाहेब आकाशाकडे पाहत राहिले. मग त्यांनी चारही चाकांवर हात ठेवून प्रार्थना केली. तेवढा वेळ मारोतराव आकाशाकडे पाहत राहिले. पाचवं चाक कोणालाच आठवलं नाही. मला ना लिंबू, ना आमेन.

तक्रार नव्हती हो. एकदा, फक्त एकदा रस्त्याला लागायचं, एवढीच आस होती. खालचे चौघे दमूनभागून यायचे, लाल-काळी माती अंगावर मिरवायचे. मी त्यांनी उडवलेली धूळ खायचे.

गाडीत माझ्यासारखं आणखी एक माणूस होतं. पास्टरांच्या पत्नी, प्रेमिलाबाई. प्रत्येक सभेत पास्टर सांगायचे, "वेळ उरला तर प्रेमिलाबाई साक्ष देतील." साक्ष म्हणजे देवानं आपल्याला कसं सांभाळलं, ते चार माणसांत सांगणं. बाई रोज पदर नीट करून बसायच्या. पण पास्टरांच्या उपदेशाला ब्रेक नव्हता. वेळ काही उरायचा नाही.

मध्य प्रदेशात सागर शहराच्या पुढे मागचं चाक पंक्चर झालं. मला खाली उतरवलं! मित्रांनो, तो आनंद काय सांगू? मारोतरावांनी मला अंगठ्यानं दाबलं.

"हे तं बसली जी! आतली ट्यूबच कुजली."

"प्रभूची काही योजना असेल, मारोतराव."

"असन ना जी. पण हवा पाह्याची योजना आपली होती."

दोघं पंक्चरचं चाक घेऊन एका ट्रॅक्टरवर बसून गेले. मी कडुलिंबाखाली आडवी. प्रेमिलाबाई माझ्यावरच टेकल्या. हापशीवर बायका आल्या, "कहाँ से आई हो, बहनजी?" म्हणत भोवती बसल्या. आणि बाई बोलू लागल्या. त्यांची मुलगी नागपुरात धंतोलीच्या दवाखान्यात होती, तेव्हा एका अनोळखी बाईनं आपल्या डब्यातली अर्धी भाकर त्यांना दिली होती. नाव विचारायचं राहून गेलं. "मला येशू त्या भाकरीत भेटला," एवढंच. एका म्हातारीनं डोळे पुसले. दुसरी ताक घेऊन आली. इतकी शांत सभा मी साऱ्या प्रवासात ऐकली नव्हती.

पास्टर परतले. "काय केलंत एवढा वेळ?"

"काही नाही, अहो. वेळ उरला होता."

आता जीप विकली. मी धरमपेठेतल्या त्यांच्या अंगणात भिंतीला टेकून असते. कोपऱ्यावर एखादी गाडी वळली की अजून अंग शिवशिवतं. संध्याकाळी प्रेमिलाबाई माझ्याजवळ खुर्ची टाकतात, रस्त्याकडे बघतात आणि विचारतात, "अहो, पुन्हा जायचं का एकदा?" पास्टर आतून म्हणतात, "वेळ मिळाला तर."

म्हणून सांगते मित्रांनो, प्रवासाला निघताना पाचव्या चाकाची हवा पाहा. आणि सोबत निघून गप्प बसलेल्या माणसाला आधी बोलू द्या. माझ्यात हवा भरायची तसदी आता नको. पावसाचं पाणी तेवढं साचलंय, ते जाता जाता ओतून टाका. प्रेमिलाबाईंना डास चावतात.