दर फेरीला एक बोट

वॉशिंग मशीनच्या झाकणावर लॅपटॉप ठेवून ती उजव्या हाताने लिहीत होती, 'जेवताना मुलांना मोबाइल दाखवू नका', आणि डाव्या हाताने मुंगीच्या तोंडासमोर मोबाइल धरून उभी होती. मोबाइलमध्ये एक हत्ती छत्री घेऊन नाचत होता. हत्तीने गिरकी घेतली की मुंगीचं तोंड उघडायचं, आणि ते मिटायच्या आत लिहिणं सोडून भाताचा घास आत सरकवावा लागायचा. खायची मुंगीएवढं म्हणून मुलीचं नाव मुंगी पडलं होतं. तेवढं तरी पोटात जावं म्हणून हा हत्ती होता.

मशीन कपडे पिळायला लागलं. लॅपटॉप थरथरला आणि 'निरोगी सवय' या शब्दांपुढे सात-आठ भलतीच अक्षरं उमटली. तिने ती खोडली.

"जेवली का गं ती?" बाहेरच्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं.

"जेवतेय."

"ती जेवतेय की हत्ती?"

तिने आणखी एक घास सरकवला. सासूबाई दिवाणावर पाय पसरून बसल्या होत्या. त्यांची टाच दुखायची. डॉक्टर म्हणाले होते, चाला. सासूबाई म्हणाल्या होत्या, टाच दुखते म्हणून आले आणि हे चालायला सांगतात, फी कशाची घेतात. तेव्हापासून त्या दिवाणावर होत्या, आणि तिथूनच घर चालवत होत्या.

ब्लॉगचं नाव होतं 'बरी सवय'. मुंगी तान्ही असताना, ती मांडीवर झोपली की हलायची सोय नसायची, तेव्हा वेळ घालवायला म्हणून सुरू केलेला. पाणी किती प्यावं, पाठ ताठ कशी ठेवावी, बसल्या जागी मोबाइल बघत राहण्यापेक्षा चालता चालता कसा बघावा, पाकिटावरचा मजकूर शेवटच्या अक्षरापर्यंत का वाचावा. यातलं स्वतःला काय जमतं ते ती मोजत नसे. लिहिताना मात्र सगळं जमल्यासारखं वाटे, आणि दिवसभरात तेवढीच घटका ती कशाची धास्ती घेत नसे.

एरवी धास्तीला तोटा नव्हता. विमा कंपनीतली तिची जागा साहेबांनी वर्षअखेरपर्यंत राखून ठेवली होती. ती परत गेली तर मुंगीला पाळणाघरात ठेवावं लागणार. पाळणाघरातल्या बाई चांगल्या होत्या, पण त्यांच्याकडे हत्ती नव्हता. सासूबाईंवर सोपवावं, तर मुंगी धावणारी आणि सासूबाई बसलेल्या. म्हणून तिने स्वतःच जाहीर करून टाकलं होतं, की वर्षअखेरच्या आत ब्लॉगने पहिली कमाई आणली तर मी नोकरीवर जाणार नाही. अट घाल असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. घरातली अवघड कामं ती मागितल्याशिवायच अंगावर घ्यायची.

जाहिरातींच्या कंपनीने तिच्या लेखांखाली एक चौकट लावली होती. त्या रात्री जेवताना तिने ती सगळ्यांना उघडून दाखवली.

"इथे जाहिरात येते. वाचणाऱ्याने ती दाबली की आपल्या खात्यात थोडं थोडं साठतं. साठून ठरावीक रकमेला पोचलं की कंपनी पाठवते."

"म्हणजे आमच्या लिफ्टसारखं," नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि जगातल्या सगळ्या गोष्टी त्याला शेवटी लिफ्टसारख्याच दिसायच्या. "बटण दाबलं की वर."

"कोणीही दाबलं तरी?" सासूबाईंनी विचारलं.

"कोणीही," ती ऐटीत म्हणाली.

कंपनीने नियमांची लांबलचक यादी पाठवली होती. 'वाचले, मान्य आहे' यापुढच्या चौकोनात तिने कधीच खूण करून टाकली होती. त्या दिवशी तिला पाकिटांवरचा मजकूर वाचण्याबद्दलचा लेख संपवायचा होता.

कितीतरी दिवस खात्यातला आकडा जागचा हलला नाही. मग एकदम उठून पळत सुटला. सकाळी एक, दुपारी तोच, आणि संध्याकाळनंतर बघावं तर भलताच पुढे. तिने लेख तपासले. टाचदुखीवरचा लेख नुकताच टाकला होता. त्यानेच केलं असणार. लोकांच्या टाचा इतक्या दुखत असतील अशी तिला कल्पना नव्हती. तिला वाईट वाटलं, पण फार नाही.

आता ती जरा ताठ चालू लागली. नवऱ्याला म्हणाली, पाणी उभ्याने पिऊ नये. मागच्या महिन्यापर्यंत ती हे फक्त लिहायची. खिडकीखालची जागा टेपने मोजून झाली. तिथे टेबल येणार होतं, न थरथरणारं. साहेबांसाठी निरोपही लिहून ठेवला, 'सध्या घरून चांगलं काम चालू असल्याने रुजू होऊ शकत नाही.' वाचून बघितला, 'चांगलं' खोडून 'बऱ्यापैकी' केलं, पण पाठवला नाही. पैसे हातात येऊ देत आधी.

संध्याकाळी हल्ली तिला निवांतपणाही मिळत होता. सासूबाईंनी आपण होऊन सांगितलं होतं, की मुंगीला घेऊन मी खाली अंगणात बसते, तू लिही. ही सासूबाईंची माया की ब्लॉगची प्रतिष्ठा, याचा तिने खोलात जाऊन विचार केला नाही. डब्यात सफरचंदाच्या फोडी घालून द्यायची, आणि डबा रिकामा परत आला की समजून घ्यायची, सासूबाईंनीच खाल्ल्या असतील.

कंपनीचा निरोप आला तेव्हा खात्यातला आकडा ठरलेल्या रकमेला जवळजवळ टेकला होता.

तिने तो उभ्याने वाचला, मग मशीनला टेकून वाचला. तुमच्या पानावरच्या जाहिराती एकाच जागेवरून, त्याच त्या मोबाइलवरून, रोज ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा दाबल्या गेल्या आहेत. हे नियमांत बसत नाही. साठलेली रक्कम मिळणार नाही. खातं बंद करण्यात येत आहे. खाली त्या नियमाचा क्रमांक होता. यादीतला पहिलाच.

नवरा कामावरून आला तो बूट काढायच्या आत तिने त्याला धरलं.

"तू जाहिराती दाबत होतास?"

"एकदाच दाबली," तो म्हणाला. "गाद्यांची होती. आपली गादी खरंच गेलीये."

"एकदाच?"

"शपथ. मला तर नंतर आठवडाभर सगळीकडे गाद्याच दिसत होत्या."

त्याचं तोंड खरं बोलणाऱ्याचं होतं. शिवाय रोज ठरल्या वेळी काही करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. ती खिडकीपाशी गेली, आणि टेबलासाठी मोजलेल्या जागेत उभी राहून खाली पाहू लागली.

अंगणात चार बायका चालत होत्या. सगळ्यांत पुढे तळमजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई, त्यांच्यामागे वकीलबाई, मग औषधाच्या दुकानवाल्या काकू. सगळ्यांत शेवटी, पण चांगल्या दमाने, सासूबाई. पाण्याच्या टाकीला वळसा घालून चौघी सायकलींपाशी आल्या. तिथे चौघींनी मोबाइल वर केले, चालता चालताच एकेकदा बोट टेकवलं, आणि पुढे निघाल्या. बँडपथकालाही इतकं एकसाथ जमलं नसतं. त्यांच्यामागून मुंगी पळत होती, आणि सायकली आल्या की तोंड उघडत होती.

ती चपला न घालताच खाली गेली.

"आलीस? बरं झालं," सासूबाई न थांबता म्हणाल्या. "चल आमच्याबरोबर. थांबलं की लय मोडते."

"आई, हे काय चाललंय?"

"तुझं काम. तू म्हणालीस ना, कोणीही दाबलं तरी चालतं. म्हटलं, बाहेरच्यांच्या तोंडाकडे कशाला बघायचं, घरात बोटं काय कमी आहेत. मग या तिघींना सांगितलं."

"मी डाव्या हाताने दाबते," नर्सबाईंनी मागे वळून सांगितलं. "तेवढाच सांध्यांना व्यायाम."

"मला रोज चपलांचीच येते," औषधवाल्या काकू म्हणाल्या.

"मला कर्जाची," वकीलबाई म्हणाल्या. "दाबते बाई तुझ्यासाठी. नाहीतर मी कर्जाच्या कागदाला हात लावणारी नव्हे."

वकीलबाईंनी तरी नियम विचारायला हवे होते, असं तिला वाटून गेलं. मग आठवलं की ते वाचल्याची खूण तिने स्वतः केली होती.

"आणि बसून दाबायचं नाही, हा माझा नियम," सासूबाई म्हणाल्या. "तूच लिहिलंयस, मोबाइल बघायचा तर चालता चालता बघा. एक फेरी, एक बोट. कोणी टाकीपाशी शॉर्टकट मारला तर ती फेरी धरत नाही."

"एकदा मारला होता," काकूंनी कबूल केलं. "बोलल्या मला."

सायकली आल्या. चार बोटं टेकली. सासूबाईंनी दुसऱ्या हातातल्या डब्यातली एक फोड मुंगीच्या उघड्या तोंडात ठेवली. मुंगीने ती चावली, गिळली, आणि पुढच्या फेरीसाठी पळाली. हत्तीचं नाव नाही.

ती बघत राहिली. सांगायचं ते ओठांपर्यंत आलं होतं.

"आई, तुमची टाच?" तिने विचारलं.

"टाचेकडे बघायला वेळ कुठाय," सासूबाई म्हणाल्या, आणि टाकीला वळसा घालून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा हत्यारांची पिशवी भरत असताना तिने त्याला सगळं सांगितलं. तो हसणार हे तिला माहीत होतं. तो हसला, मग तिचं तोंड बघून पाना शोधायला लागला.

"आईला सांगितलंस?"

"नाही."

"सांगितलंस तर परत दिवाणावर बसेल. आणि बसेल ती रडत बसेल." त्याने पाना पिशवीत टाकला. "माणसं आत असताना आम्ही लिफ्ट बंद करत नाही. बिघाड कितीही दिसत असला तरी."

"बिघाड मीच केलाय."

"बरोबर आहे. तू फक्त लिहायचीस. त्या लगेच करायला लागल्या."

तो गेल्यावर तिने कंपनीला विनंती लिहिली. उत्तर इतक्या लगेच आलं की ते कोणी माणसाने लिहिलं नसणार. मग साहेबांसाठी लिहून ठेवलेला निरोप तिने काढला. 'बऱ्यापैकी' खोडलं, मग सगळंच खोडलं, आणि 'सोमवारपासून येते' असं लिहून या वेळी पाठवून टाकलं.

लेखांखाली जिथे जाहिरात असायची तिथे आता करडी, रिकामी चौकट दिसत होती. संध्याकाळी चार बायका सायकलींपाशी येऊन त्या रिकाम्या चौकटीवर बोट टेकवतील, काही होणार नाही, आणि मग त्या थांबतील. तिने लॅपटॉप मशीनच्या झाकणावर ठेवला. मशीन बंद होतं, तरी सवयीने एका हाताने धरून ठेवला. त्या चौकटीत तिने बुटांच्या जोडीचं एक चित्र बसवलं. चित्र दाबलं की एक छोटं पान उघडायचं. त्यावर काय लिहावं याचा तिने एखाद्या लेखाइतका विचार केला, आणि शेवटी लिहिलं, 'एक फेरी झाली. शाबास.'

सोमवारी सकाळी दारात पर्स खांद्याला लावून ती उभी राहिली, आणि मुंगीच्या डब्याबद्दल, रुमालाबद्दल, जिन्याबद्दल, टाकीच्या झाकणाबद्दल तिने सांगून घेतलं. मग पुन्हा जिन्याबद्दल सांगितलं.

"झालं?" सासूबाईंनी विचारलं. त्यांनी सकाळच्याही फेऱ्या सुरू केल्या होत्या आणि पायात नवेकोरे बूट होते. "एक विचारायचं होतं. ती बुटांची नवी जाहिरात कोणाची गं?"

"नवीन कंपनी आहे."

"विकते काय ती?"

"काही विकत नाही बहुतेक."

"वकीलबाई तेच म्हणाल्या. म्हणाल्या, ही बुडणार. जाहिरात देते आणि माल नाही. पण नर्सबाईंना आवडली. आधीची ती सारखं कर्ज घ्या, कर्ज घ्या करायची. ही शाबास तरी म्हणते."

"हो ना," ती म्हणाली, आणि पर्समध्ये बसचा पास शोधू लागली. पास हातातच होता.

"पैसे देते का पण?"

"थोडे कमी देते."

"म्हणून नोकरी."

"म्हणून नोकरी."

मुंगी जिन्याच्या पहिल्या पायरीवर तोंड उघडं ठेवून तयार उभी होती. सासूबाईंनी डबा काखेत मारला आणि मोबाइल हातात घेतला.

"बसमध्ये बसून मोबाइल बघू नकोस. स्टॉपपर्यंत चालत जाशील ना, तेव्हा तूही एकदा दाब. घरच्यांनी दाबलेलं चालतं ना?"

तिने वाकून चपलेचा पट्टा लावला. तो लागलेलाच होता.

"आता चालतं, आई."

सासूबाई जराशा थांबल्या. त्यांनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं, मग हातातल्या मोबाइलकडे, मग पुन्हा तिच्याकडे. तिच्या खांद्यावरून घसरलेली पर्स त्यांनी वर सरकवून दिली.

"तर मग आज दोन फेऱ्या जास्त मारते," त्या म्हणाल्या. "एवढं शाबास म्हणतेय बिचारी."