माणिकबाईशी कोणी भांडेना

गोदाबाईची बकरी माणिकबाईच्या मेथीत शिरली आणि अर्धा वाफा साफ करून गेली. माणिकबाई पदर खोचून दोघींच्या शेतांमधल्या धुऱ्यावर उभी राहिली. लग्न होऊन आल्यापासूनचा रिवाज होता तो. आता गोदाबाई येणार, बकरीचीच बाजू घेणार, आणि दोघींचा आवाज पार वलगावच्या रस्त्यापर्यंत जाणार. गोदाबाई आली. तिनं बकरीला ओढून बाहेर काढलं, हात जोडले, "चुकलं बाई," म्हणाली आणि मान खाली घालून निघून गेली.

माणिकबाई तशीच उभी राहिली. भादव्याची झड नुकतीच थांबली होती. काळी माती चिकटून पाय जड झाले होते.

तिचा एकुलता एक लेक जीवन पौषात सीमेवर कामी आला. तिरंग्यात गुंडाळून आणला, तेव्हा आसपासची गावं लोटली होती. तेव्हापासून आमच्या गावानं माणिकबाईला फार जपलं. नळावर बाया आपली घागर बाजूला घेत. बाजारात तिच्या वांग्यांचा भाव कोणी पाडून मागेना. म्हणेल ते देत, हलक्या आवाजात बोलत, एखादी सून वाकून पाया पडे. पंधरा ऑगस्टला सरपंच म्हणाले, आपण मोकळा श्वास घेतो तो या माउलीच्या लेकामुळं. खोटं नव्हतं ते. पण ती गल्लीतून निघाली की ओट्यावरचं हसणं थांबायचं, खेळती पोरं गप्प व्हायची. ती जाईल तिथं तिच्या आधीच शांतता येऊन बसलेली असायची. घरी नवरा, वामनराव, तोही बोलेनासा झाला होता.

तिला भ्या वाटू लागलं होतं. मेला तो जीवन, का आपण? लोक बघतात ते आपल्याला, का आपल्या जागी दुसरंच काही? त्या दिवशी तिनं विहिरीवर जाऊन पायांची माती खळखळून धुतली आणि वाकून पाहिलं. भुताचे पाय उलटे असतात म्हणतात. तिचे सरळच होते. तरी मनाची खात्री पटेना. तशीच ओल्या पायांनी ती गोदाबाईच्या घरी गेली.

गोदाबाई ओसरीत तूर पाखडत होती. ती लगबगीनं सतरंजी टाकायला उठली.

"राहू दे," माणिकबाई म्हणाली. "तुह्या बकरीनं माही मेथी खाल्ली. मंग भांडली काहून नाई?"

गोदाबाईनं सूप खाली ठेवलं. "कोन्या तोंडानं भांडू वं? तोंड उघडलं का जीवन दिसते. तो तिकडं उभा होता म्हून आमी इकडं बिनघोर जगून राहिलो. त्याच्या मायले वाईट बोलू?"

माणिकबाई खांबाला धरून खाली बसली. मग तिनं सांगितलं. जीवनची चौकी उंचावर होती. तिथं वाऱ्याशिवाय दुसरा आवाज नाही. फोन लागला की तो आधी तब्येत विचारत नसे. आज गोदामाय काय म्हणाली, तू काय म्हणाली, हे शब्दान् शब्द विचारी. एकदा दोघींची जुंपलेली असतानाच त्याचा फोन आला, तर म्हणाला, आई, माझ्याशी बोलू नको, नुसता चालू ठेव.

"हेच राखाले उभा होता तो, गोदे," ती म्हणाली. "तुमीच मुके झाले तं त्यानं राखलं काय? अन् मले जित्ती राहू दे ना वं."

गोदाबाईनं सूप बाजूला सारलं. पदरानं नाक पुसलं. मग म्हणाली, "तुह्या शेवग्याचा पाला सारा माह्या आंगनात पडते. झाडून झाडून माही कंबर मोडली."

"अन् शेंगा तोडून नेतं तवा नाई मोडत कंबर?"

आवाज चढले. शेजारच्या बाया धावत आल्या, मागून वामनरावही आले. कोणी मधे पडलं नाही. शेवग्यावरून गोष्ट विहिरीच्या दोरावर गेली, तिथून एकमेकींच्या माहेरावर. भांडता भांडता गोदाबाई रडू लागली, पण बोलणं काही तिनं थांबवलं नाही. माणिकबाईच्याही डोळ्यांतून धार लागली होती, आणि तिनं एकही शब्द उत्तराशिवाय जाऊ दिला नाही.